कोठडीतली हवा आणि राज्यघटना

कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी १९९२ मध्ये गार्नर नावाचा तुरुंग उघडला. बंदोबस्त कडेकोट, आणि मानसिक उपचारांची गरज असलेले कैदी मोठ्या संख्येने तिथे ठेवलेले. ज्या फेअरफील्ड काउंटीत तो उभा आहे, ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नकाशावर रेडॉनच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडते. तरी हवेची तपासणी झाली ती २०१३-१४ मध्ये. रेडॉनचं प्रमाण सुरक्षेच्या मर्यादेपेक्षा खूप जास्त निघालं. २०१७ मध्ये कैदी न्यायालयात गेले. रंग-वास नसलेल्या वायूपासून सुटका मागण्याचा हक्क त्यांना आहे का, हा प्रश्न होता. सरकारच्या ताब्यातल्या जागेत हा वायू श्वासावाटे घेतलेल्या माणसांनी तो पहिल्यांदा विचारलेला नव्हता. त्यांच्या आधी खाणकामगारांनी तो विचारला होता.

जमिनीतल्या युरेनियमचा क्षय होत होत रेडॉन तयार होतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. खरा घात त्याच्यापासून निर्माण होणारे पोलोनियमचे अणू करतात. ते धुळीला चिकटून फुप्फुसात जातात आणि तिथेच अल्फा किरण सोडतात. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांना छातीचा एक जीवघेणा आजार होतो, हे शतकानुशतकं माहीत होतं. हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी १८७९ मध्ये तो फुप्फुसातला घातक गाठींचा रोग असल्याचं दाखवलं. १९२५ मध्ये जर्मनीने त्याला व्यावसायिक आजारांच्या यादीत घेतलं. म्हणजे अमेरिकेत अणुबाँबसाठी युरेनियमची खोदाई जोरात सुरू झाली, त्याच्या वीस वर्षं आधीच युरोपातल्या कायद्याने हा आजार मान्य केला होता.

एवढं माहीत असूनही कोलोरॅडो पठारावर जे घडलं, ते वाचताना संताप येतो. तिथल्या खनिजाचा एकमेव गिऱ्हाईक होता अमेरिकी अणुऊर्जा आयोग. खाणीत उतरणारे अनेक मजूर नवाहो जमातीचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी येत नव्हतं. १९५० पासून सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी सुरू केली. रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले, हवा मोजली. मात्र खाणीत प्रवेश मिळावा म्हणून मालकांशी ठरवलेल्या अटीनुसार, या हवेने कर्करोग होऊ शकतो हे मजुरांना सांगितलं नाही. ताजी हवा खेळवली की रेडॉन उतरतो, हे त्याच सेवेतल्या डंकन हॉलाडे यांच्या मोजमापांतून दिसत होतं. तशी हवा खेळवण्याची सक्ती करायची कुणी? आयोग म्हणे, खाणीतली सुरक्षा आमच्या कक्षेत येत नाही. राज्यांकडे बळ नव्हतं. श्रममंत्री विलार्ड विर्ट्झ यांनी मर्यादा घालून दिली ती १९६७ मध्ये. तोवर पठारावरच्या वस्त्यांत नवरे, भाऊ, बाप गेलेल्या बायांची संख्या वाढत होती.

त्यांचं वकीलपत्र स्ट्युअर्ट युडाल यांनी घेतलं. केनेडी आणि जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळात ते अंतर्गत विभागाचे मंत्री होते, त्यामुळे सरकारचं अंतरंग त्यांना ठाऊक होतं. तरीही १९८४ मध्ये अॅरिझोनातल्या संघीय न्यायालयात ते हरले आणि पुढच्या वर्षी अपिलातही हरले. कारण कायद्यातली एक पळवाट. सरकारी खात्याने आपल्या अखत्यारीत, स्वतःच्या विवेकाने घेतलेल्या धोरणनिर्णयाबद्दल त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. मजुरांना न सांगणं हासुद्धा असा ‘विवेकाचा निर्णय’ ठरला! न्यायाधीशांना या कुटुंबांचं दुःख दिसत नव्हतं असं नाही, पण दाद संसदेकडे मागा, असं त्यांनी सुचवलं.

युडाल संसदेकडे गेले. ऑक्टोबर १९९० मध्ये किरणोत्सर्ग भरपाईचा कायदा मंजूर झाला. त्यात राष्ट्राच्या वतीने माफी होती आणि खाणकामगाराला एक लाख डॉलर होते. पुढचे अडथळे कागदांचे होते. धूम्रपान न करणाऱ्यालाही त्याने किती किरणोत्सर्ग सोसला याचा मोठा आकडा सिद्ध करावा लागे. विधवेकडे लग्नाचा दाखला मागितला जाई, आणि नवाहोंची लग्नं परंपरेने, दाखल्याविना लागलेली. २००० मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा अटी सैल झाल्या. २०२४ मध्ये कायद्याची मुदत संपली, आणि २०२५ मध्ये तो वाढीव रकमेसह पुन्हा लागू झाला.

खाणीबाहेरच्या माणसांकडे लक्ष गेलं ते १९८४च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचा इशारा वाजू लागला. केंद्र अजून पूर्ण क्षमतेने सुरूही झालं नव्हतं. दूषित त्याचं घर होतं, आणि तिथल्या हवेतलं रेडॉनचं प्रमाण खाणीतल्यापेक्षाही भयंकर होतं. १९८८ मध्ये संसदेने कायदा करून केंद्र सरकारच्या इमारती आणि शाळा तपासण्याचा आदेश दिला. घरमालकाला निदान तपासणी करता येते, पायाखालून नळी टाकून पंख्याने हवा छपरावर सोडता येते. कैद्याला खिडकी उघडण्याचीसुद्धा मुभा नसते.

त्यामुळे कैद्याच्या बाजूने घटना उभी करावी लागली. आठव्या घटनादुरुस्तीने क्रूर शिक्षा निषिद्ध केली आहे. १९९३ मध्ये नेवाडातल्या एका कैद्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली. त्याचा कोठडीतला सोबती दिवसाला पाच पाकिटं सिगारेट ओढायचा. न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. आज आजार झाला नसला, तरी उद्याचा गंभीर धोका जाणूनबुजून दुर्लक्षिला तर घटनेचा भंग होतो. पाणी दूषित आहे म्हणून तक्रार करायला हगवण लागण्याची वाट पाहावी लागत नाही, असा त्यातला तर्क होता. माझ्या मते संपूर्ण प्रवासातली ही सर्वांत मोठी पायरी. नवाहो मजुराला आधी मरावं लागलं होतं, इथे धोक्यालाच दाव्याचं कारण मानलं गेलं.

गार्नरच्या अधिकाऱ्यांनी बचाव केला की रेडॉनबद्दल स्पष्ट कायदाच नव्हता, म्हणून वैयक्तिक जबाबदारीपासून आम्हाला संरक्षण हवं. २०२०च्या जूनमध्ये दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हे संरक्षण नाकारलं. हवेतल्या विषारी पदार्थापासून कैद्याला वाचवण्याचं कर्तव्य १९९३च्या निकालापासून स्पष्ट होतं, त्यासाठी प्रत्येक वायूचं नाव निकालात असण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता. राज्याच्या सार्वभौमत्वाचा मुद्दा मात्र अंशतः टिकला आणि काही मागण्या गळाल्या.

हा निकाल खटल्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचा होता. कुणी किती वायू श्वासावाटे घेतला, अधिकाऱ्यांना तो कधी कळला, आणि त्यांनी काय केलं, हे सिद्ध करण्याची लढाई त्यानंतर लढायची होती.