व्हिसरल स्थूलता : मापनपद्धती

आतडी, यकृत, स्वादुपिंड यांच्याभोवती पोटाच्या पोकळीत साठलेल्या चरबीचा अंदाज घेण्याच्या पद्धती. पोटावर चिमटीत येते ती चरबी त्वचेखालची. मधुमेह व हृदयविकार यांच्याशी अधिक निकटचा संबंध आतल्या चरबीचा असतो.

वजनकाट्यावर हा फरक उमटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या डॉक्टरद्वयाने २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे आकडे एकूण चरबीचे असले, तरी भारतीयांबाबत बीएमआयवर किती विसंबावे हे त्यांवरून कळते.

दवाखान्यातले पहिले साधन म्हणजे मोजपट्टी. हाताला लागणारी शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घेर मोजावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही अमेरिकी पद्धतींत पट्टी त्या कडेवरच टेकवतात. म्हणून वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे ताडून पाहू नयेत. पँटचा नंबर तर मुळीच धरू नये, कारण सुटलेल्या पोटाखाली ती कुठेही बसते. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंमी. आणि स्त्रियांत ८० सेंमी. वा अधिक घेर धोक्याचा मानतात. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा निकष लक्षात ठेवायला सर्वांत सोपा. गरोदरपणात आणि जलोदरात मात्र हे मोजमाप निरर्थक ठरते.

त्वचेखालची आणि आतली चरबी मोजपट्टीला वेगळी करता येत नाही. सीटी स्कॅनला येते. बेंबीच्या पातळीवरील एका छेदातले चरबीचे क्षेत्रफळ त्यात मोजतात. जपानने १०० चौ. सेंमी. ही मर्यादा धरून कमरेचे निकष ठरवले : पुरुषांना ८५ सेंमी., स्त्रियांना ९० सेंमी. स्त्रियांची मर्यादा पुरुषांहून जास्त ठेवणारा हा निकष वादग्रस्त ठरला. क्ष-किरणांमुळे केवळ चरबीसाठी सहसा सीटी करीत नाहीत. अन्य कारणाने काढलेला स्कॅन मात्र वापरता येतो. एमआरआयमध्ये ही अडचण नाही, पण खर्च व वेळ जास्त.

सोनोग्राफीत पोटाचे स्नायू आणि महारोहिणी यांमधले अंतर मोजतात. प्रोब किती दाबला यावर आकडा हलतो. डेक्सा यंत्र आतली चरबी थेट पाहत नाही, गणिताने काढते. जिममधल्या काट्यावर येणारी ‘व्हिसरल फॅट लेव्हल’ तर शरीराच्या विद्युतरोधावरून सूत्राने काढलेली असते आणि शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार बदलू शकते.