नवी आवृत्ती कुणासाठी?

झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपुरातून बोलतोय. माझ्या बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. शब्द टाकला की तो आलेली सगळी वचनं समोर! पण जुन्या फाँटमधली मराठी टिपणं वाचेनाशी झाली. ती युनिकोडमध्ये आणावी लागली.

मराठी बायबलच्या आवृत्त्याही अशाच बदलत गेल्या. बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. मुंबईकडे ती भाषा रुळली नाही. तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्यानं भाषांतर केलं. पुढे पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शिकल्या-न शिकल्या बायकांनाही कळावं म्हणून त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

ही भाषांतरं शेजारी ठेवली, की कोणता शब्द कुणासाठी बदलला ते उमगतं. जुनं हरवलं तर ताडून कशाशी बघणार? म्हणून नवी आवृत्ती घेताना वेगाआधी एवढंच विचारा: यात जुनं उघडतं का?