हिमस्खलनाचा इशारा आणि छावणी हलवण्याचा निर्णय

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात, बद्रीनाथपलीकडील माणा येथे, सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. ५४ मजूर गाडले गेले. ४६ वाचले, ८ मरण पावले. आदल्याच संध्याकाळी चंडीगढच्या डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने चमोलीसह काही जिल्ह्यांच्या उंच भागासाठी २४ तासांचा इशारा दिला होता. इशारा होता, तरी माणसे तेथेच होती. हिमस्खलनाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलेले नाही.

पहिल्या महायुद्धात आल्प्सच्या मार्मोलाडा शिखराखाली ऑस्ट्रियन सैन्याने एका कड्याच्या आडोशाला बराकी उभारल्या, कारण तेथे इटालियन तोफांचा मारा पोहोचत नव्हता. शत्रूपासून सुरक्षित असलेली ही जागा हिमापासून मात्र सुरक्षित नव्हती. तेथील अधिकारी कॅप्टन रुडॉल्फ श्मिड यांनी छावणी हलवण्याची विनंती केली. वरिष्ठांनी ती मानली नाही. १३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे सुमारे २७० सैनिक हिमाखाली गेले. श्मिड यांच्यापाशी अनुभव होता. मात्र त्या अनुभवाला आधार देणारे शास्त्र तेव्हा नव्हते.

ते शास्त्र पुढील दोन दशकांत आकाराला आले. १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील डावोसच्या वर, वाइसफ्लुयोख येथे, हिमाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. उतारावरचे हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवर्षाव आपला थर मागे ठेवतो. जमिनीलगतचे हिम तुलनेने उबदार आणि पृष्ठभाग अतिथंड असला की आतील बाष्प वर सरकते आणि खालच्या कणांचे ठिसूळ, परस्परांना न चिकटणारे स्फटिक बनतात. अशा दुर्बळ थरावर नव्या हिमाची घट्ट लादी बसली की एका माणसाचे वजनही पुरते. थर खचतो, तडा आडवा धावतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सबंध लादी सुटते.

भारतात हा अभ्यास १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेल्या स्नो अँड ॲव्हलान्च स्टडी एस्टॅब्लिशमेंटने, म्हणजे ‘सासे’ने, पुढे नेला. मार्च १९७९ मध्ये लाहौलच्या खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. १९८४ पासून सैन्य सियाचिनवर आहे आणि तेथील बहुतेक मृत्यू शत्रूच्या गोळीने नव्हे, तर हवामान आणि भूभागामुळे झाले आहेत. २०२० मध्ये ‘सासे’ वर उल्लेखिलेल्या चंडीगढच्या संस्थेत विलीन झाली.

जामुलसारख्या सिमेंट-पोलादाच्या गावातून हे सारे फार दूरचे वाटते. परंतु हिमात राबायला माणसे मैदानांतूनच जातात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातील एक तरुण होता. बर्फाचा कडा तुटणे हे हिमाची लादी घसरण्याहून वेगळे आणि त्याचे भाकीत अधिक कठीण. त्या दहांपैकी एक जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला, पण ११ फेब्रुवारीला त्याचेही निधन झाले.

सहा दिवस तग धरणे हा विरळा अपवाद होय. स्वित्झर्लंडमधील नोंदींच्या प्रसिद्ध विश्लेषणानुसार पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. पस्तीस मिनिटांनंतर जेमतेम तिघे. म्हणजे बाहेरून येणारे बचावपथक, कितीही निष्ठेने धावले, तरी बहुधा उशिराच पोहोचते. माण्यात अनेक जण पोलादी कंटेनरांत होते. जेथे भिंती टिकल्या तेथे श्वासापुरती हवा उरली.

म्हणून खरा बचाव हिम कोसळण्यापूर्वीच व्हावा लागतो. युरोपने १९९३ मध्ये धोक्याची पाच पातळ्यांची समान श्रेणी स्वीकारली. परंतु श्रेणी स्वतः छावणी हलवत नाही. कोणत्या पातळीला कोणती वस्ती रिकामी करायची आणि तो हुकूम जागेवरचा कोण देणार, हे हिवाळ्याआधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे. १९१६ मध्ये श्मिड यांना विनंती करता आली, निर्णय घेता आला नाही. आज इशारा उपग्रहांच्या आणि हवामान केंद्रांच्या आधारे दिला जातो. तो मिळताच मजुरांना खाली उतरवण्याचा अधिकार छावणीप्रमुखाच्या हाती असायला हवा.