आईचा तळहात

मघाशी एका आजोबांनी विचारलं, लहान मुलांच्या हालचालींचा आणि तत्त्वज्ञानाचा संबंध काय? सांगतो. फ्रोबेलचं नाव आपण किंडरगार्टनमुळे ऐकलेलं असतं. तिथे मुलं वाफे खणायची, गोल करून खेळायची. पण हे सगळं घरातूनच सुरू व्हावं, असा त्याचा आग्रह. म्हणून १८४४ साली त्याने आयांसाठी एक पुस्तक काढलं. गाणी, चित्रं, खेळ. त्यातला एक खेळ बघा. बाळ उताणं पडून पाय झाडतंय. आईने त्याच्या पावलांना तळहात टेकवायचा आणि बाळाने तो ढकलायचा. बस्स! समोरून रेटा मिळाला की बाळाला आपलं बळ कळतं आणि समोर कुणीतरी आहे हेही कळतं. मी आयुष्यभर हेगेल शिकवला. हे पुस्तक मात्र निवृत्तीनंतर उघडलं!

१८५१मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. समाजवादी पुतण्याची मतं काकाच्या माथी मारली गेली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला, बंदी उठली १८६०ला.

एक मात्र खटकतं. पुस्तकाच्या नावात आई आहे, बाप नाही.