कडुनिंब कोणाचा?



धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालावा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आजीने घातला, आईने घातला, म्हणून आपण घालतो. पण हाच कडुनिंब एकदा परदेशी दप्तरात दुसऱ्याच्या नावावर चढला होता. ती हकीकत ऐकून ठेवण्यासारखी आहे.

बुरशीवरचे बोर्डो मिश्रण आपल्या ओळखीचे. फ्रान्समध्ये १८८५ साली प्राध्यापक मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्याला मोरचूद आणि चुना लागू पडतो, हे दाखवून दिले. पुढे नवनवी रासायनिक औषधे आली आणि झाडपाल्याची औषधे मागे पडली. १९६२ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी दाखवले, की निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळसुद्धा तोंड लावत नाहीत. मग जगाचे डोळे कडुनिंबाकडे वळले.

१९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाने पिकावरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेचे शेती खाते आणि ग्रेस कंपनी यांना दिले. १९९५ साली वंदना शिवा व त्यांच्या युरोपातील सहकाऱ्यांनी हरकत घेतली. आता नुसते 'आमच्याकडे हे पूर्वापार आहे' म्हणून कसे भागणार? पुरावा पाहिजे. तो दिला श्री. अभय फडके यांनी. १९८५ आणि १९८६ साली महाराष्ट्रातल्या शेतांवर असे औषध फवारून पाहिले होते, अशी साक्ष त्यांनी दिली. २००० साली पेटंट रद्द झाले. त्यावरचे अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

यातून आपण काय घ्यायचे? भुरीसारख्या रोगावर सुरुवातीलाच कडुनिंबाच्या तेलाचा फवारा उपयोगी पडतो. रोग बळावल्यावर मात्र त्याच्यावर विसंबू नका. उन्हाने त्याचा गुण उतरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करा. आणि एक ओळ न फवारता ठेवा. तारीख, प्रमाण आणि दिसलेला फरक वहीत टिपून ठेवा.

आजीचे ज्ञान खरेच होते. पण कचेरीत उपयोगी पडली ती शेतावर करून पाहिलेली, साल सांगता येणारी फवारणी. तेव्हा वही घालाच, मंडळी.