धनंजय माने साडी का नेसत नाही?

१९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला तेव्हा अशोक सराफ हे मराठीतलं हुकमी विनोदी नाव होतं. तरी साडी नेसायची पाळी आली लक्ष्मीकांत बेर्डे आणि दिग्दर्शक सचिन यांच्यावर. सराफांना मिळाला शर्टपँटमधला धनंजय माने. माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात हुशार निवड हीच.

वसंत सबनीसांनी लिहिलेली ही गोष्ट (मूळ हृषीकेश मुखर्जींचा १९६६चा ‘बिवी और मकान’) मुळात भाड्याच्या खोलीची आहे. लीलाबाई काळभोरांना जोडपीच हवीत. साडी कितीही चापूनचोपून नेसली तरी घरमालकिणीचा विश्वास बसायला एक सभ्य, पोक्त चेहरा लागतो. स्टेट बँकेत नोकरी केलेल्या सराफांकडे तो आयता होता!

सरपोतदारांच्या सत्तर रुपयांचा प्रसंग आठवा. मधुमेहाच्या औषधाची थाप मारताना सराफ चेहरा सुतकी ठेवतात, सुधीर जोशी भडकतात आणि आपण फुटतो. विनोद करतोय हे धनंजयला जणू ठाऊकच नाही. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) दादा कोंडक्यांसमोर टिकलेल्या नटाला समोरच्याला जागा द्यायची कला अवगत असणारच. इथे पार्वती बोलत असताना बाजूच्या मान्यांकडे बघा. नवराही तेच, घाबरलेला सूत्रधारही तेच.

आमच्या बॅचलर फ्लॅटवर मालकांचा फोन आला की एकालाच बोलायला पुढे करतो. त्याचं आडनाव काहीही असो, ग्रुपवर तो ‘माने’च आहे.