रायफलसाठी स्कोप घेताय? आधी हे पाहा

पेण-रोह्यातला मुलगा नेमबाजीला लागला की घरचे रायफलवरच्या दुर्बिणीची, म्हणजे स्कोपची, चौकशी सुरू करतात. स्पर्धेसाठी असेल तर घेऊच नका. १० आणि ५० मीटर रायफल स्पर्धांत स्कोप चालत नाही, पीप साईट लागते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते स्कोपशिवायच.

लांब पल्ल्याच्या सरावाला हवा असेल तर आकडे वाचायला शिका. ३-९×४० म्हणजे ३ ते ९ पट मोठं दिसणार, पुढची काच ४० मिलिमीटरची. नुसत्या पटींना भुलू नये. पट वाढली की हाताची थरथरही मोठी दिसते, उजेड घटतो. पाव मिनिटाच्या एका क्लिकने १०० मीटरवर नेम साधारण ७ मिलिमीटर सरकतो. पॅरॅलॅक्स जुळवायची सोय हवीच, नाहीतर डोळा हलला की नेम हलला. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, त्यात साधा स्कोप बिघडतो, एअरगनचाच मागा. आपला पावसाळा बघता नायट्रोजन भरलेला घ्या, आत वाफ धरत नाही.

रानडुकरांसाठी म्हणाल, तर वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.